बाई बसलेली, पुरुष उभा

आमच्या वाकडच्या सोसायटीच्या गेटला चार खांब आहेत. पांढरे, उंच, वर पानाफुलांची नक्षी. फ्लॅट दाखवताना बिल्डरच्या माणसानं सांगितलं, "मॅडम, ग्रीक स्टाइल आहे," आणि मला जे हसू फुटलं ते आवरेचना. नवरा बघत राहिला. त्याला काय सांगणार? आमचे काका तिथं असते तर त्यांनी शर्टाच्या खिशातून पोलादी पट्टी काढली असती, खांबाला उभी लावली असती, एक डोळा मिटून फटीतून उजेड बघितला असता आणि त्या माणसाच्या तोंडावर सांगितलं असतं, "अगदी सरळ आहे. रिजेक्ट!"

सरळ आहे म्हणून रिजेक्ट करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो माझा घरमालक होता.

डिप्लोमा झाल्यावर मी बीडहून आले ती थेट निघोज्यात. नोकरी महाळुंग्याच्या एका कंपनीत, क्वालिटीला ट्रेनी. काकांच्या बारा खोल्या होत्या, सहा खाली, सहा वर, पुढं मोकळं अंगण. भाडेकरू सगळे आमच्यासारखेच, परभणी, लातूर, चिपळूण, कुठून कुठून आलेले. दारांवर नंबर नव्हते. निळ्या ऑइल पेंटनं एकेक ग्रीक अक्षर रंगवलेलं. अल्फा, बीटा, गामा, डेल्टा, अशी ओळीनं. आम्हा तीन मुलींना मिळाली आठवी खोली, थीटा. माणसांना नावानं हाक मारायची पद्धत काकांकडे नव्हतीच. "ए थीटा, बादली भरून वाहतेय!" असं ओरडले की आम्हा तिघींपैकी जी मोकळी असेल ती पळायची. पुढं पुढं आम्हीही तसंच बोलायला लागलो. बीटाचं लग्न ठरलं, गामाचा गॅस संपलाय, एप्सायलॉनच्या आईला बरं नाही. पाण्याचा टँकरवालासुद्धा विचारायचा, "आज कुनाची तक्रार, गामाची का?"

काकांनी पिंपरीतल्या एका कंपनीत तीस वर्षं स्टँडर्ड रूम सांभाळली होती. मापं घ्यायच्या हत्यारांचीच मापं जिथं तपासतात ती खोली. एसी चोवीस तास, धुळीचा कण नको, आणि माणसाच्या अंगाच्या उष्णतेनं माप बदलतं म्हणून माणसंही नकोत. लोक दारातल्या खिडकीतून पार्ट ठेवायचे आणि जायचे. "तीस वर्षांत त्या खोलीत माझ्यासमोर कुणी खुर्ची टाकून बसलं नाही," हे ते अभिमानानं सांगायचे. मला तेव्हा त्यात अभिमानच ऐकू यायचा. वय लहान होतं, कानही तेवढेच.

तर या माणसाला ग्रीकांचं वेड लागलं ते एका कॅलेंडरमुळे. कुण्या बेअरिंगवाल्यानं दिवाळीला वाटलेलं कॅलेंडर, त्यात एका महिन्यावर अथेन्सच्या टेकडीवरच्या त्या मोडक्या देवळाचा फोटो, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं की या इमारतीत सरळ रेष जवळजवळ नाहीच. पायऱ्या मधे किंचित उचललेल्या, खांब पोटाशी जरासे फुगवलेले, आणि सगळे आतल्या बाजूला कणभर कललेले. का, तर सरळ केलं असतं तर बघणाऱ्याला ते खचल्यासारखं दिसलं असतं. काकांनी म्हणे तो महिना संपला तरी पान उलटलं नाही. ऑफिसात सगळीकडे पुढचा महिना आणि स्टँडर्ड रूममध्ये अजून मागचाच.

"अगं, तीस वर्षं मी वाकडं आहे म्हणून माल परत पाठवला," ते सांगायचे. "आणि त्या लोकांनी अडीच हजार वर्षांपूर्वी मुद्दाम वाकडं केलं! बघणाऱ्याच्या डोळ्याला सुख व्हावं म्हणून. आमच्या ड्रॉइंगवर टॉलरन्स असतो, किती चूक चालेल ते असतं, मटेरियल असतं, सगळं असतं. बघणारा कुठं असतो?"

ग्रीकांबद्दल बोलताना काका असं पुस्तकी, शुद्ध बोलायचे. भावकीशी बांधावरून भांडताना मात्र अस्सल निघोज्याचे. "न्हाई म्हंजे न्हाई! माझ्या हद्दीत हाय ते!" एकाच तोंडातून पाच मिनिटांत दोन्ही ऐकायला मिळायचं.

त्यांची खोली म्हणजे अजबखाना होता. पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेली प्लास्टरची मुंडकी, नाक उडालेली. परदेशी मासिकांतून कापलेली चित्रं वहीत चिकटवलेली. चांदीचं म्हणून घेतलेलं आणि चिंचेनं घासल्यावर पितळ निघालेलं एक नाणं. ऑलिव्हची बाटली, जिच्यातलं एक ऑलिव्ह त्यांनी खाल्लं, थुंकलं, आणि उरलेली फडताळात जपून ठेवली. ग्रीस काही त्यांनी पाहिलं नव्हतं. पासपोर्टच काढला नव्हता. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "जाऊन काय करू? ते आता तिथं राहत नाहीत."

एका रविवारी बघते तर काका अंगणात बसून एका पांढऱ्या मुंडक्याच्या ओठांना कुंकू लावतायत. डोळ्यांत काजळ, केसांना गेरू. गणपतीच्या कारखान्यातून पळून आल्यासारखं दिसत होतं ते. काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "माझा करंडा ठेवा तिथं! त्या मेल्या ग्रीकाला नटवायला नाही आणला." पण काका गंभीर. ग्रीकांचे पुतळे असे रंगीतच असायचे, म्हणाले. मातीत पडून पडून रंग गेला, आणि मागून आलेल्या लोकांना वाटलं की पांढरेच होते. "लोक ज्याला सौंदर्य म्हणतात ना थीटा, ते नुसतं धुतलं गेलेलं आहे."

हे त्यांचं व्याख्यान दर रविवारी संध्याकाळी गच्चीवर असायचं. सगळ्या भाडेकरूंना निमंत्रण. सतरंजी अंथरलेली, काकूंनी केलेला चिवडा, भिंतीला टेकवलेली चित्रं. आणि यायचं कोण? पहिल्या शिफ्टवाले झोपलेले, दुसऱ्या शिफ्टवाले कामावर, आणि आम्ही मुली बादल्या वाजवत कपडे धुवायचं सोंग करायचो. तीन वर्षांत मी तीनदा गेले असेन. तेही चिवड्यासाठी. बाकी रविवारी काकू एकट्या समोर बसलेल्या असायच्या, मांडीत परात घेऊन, लसूण सोलत. काका बोलतायत आणि काकू सोलतायत. मधेच म्हणायच्या, "मग त्या राजाचं काय झालं? मागच्या रविवारी अर्धा सोडलात." म्हणजे ऐकत होत्या बाई! सगळं ऐकत होत्या.

काकूंचं नाव मला माहीत नव्हतं. तीन वर्षं त्यांच्या हातचं खाल्लं, तापात त्यांनी माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या, आणि नाव ठाऊक नाही. काका त्यांना "ऐकलं का" म्हणायचे. त्या काकांना "अहो". गावात त्या कुणाच्या वहिनी, कुणाच्या चुलती. वर्षातून एकदा दोघं कार्ल्याला जायची. काकूंना एकवीरेचं दर्शन, आणि काकांना शेजारच्या लेण्यातले खांब, ज्यांच्यावर दान देणाऱ्या यवनांची नावं कोरलेली आहेत. यवन म्हणजे ग्रीक, यावर काकांशी वाद घालायचा नाही. काकू हसायच्या, "एका भाड्यात दोघांचे देव होतात." एकदा मला बरोबर नेलं. काकूंनी देवीपुढं नारळ फोडला, सगळं खोबरं मला आणि पायरीवरच्या पोरांना वाटून टाकलं. मी म्हटलं, तुम्ही घ्या की. "नको गं बाई, खोबऱ्यानं मला खोकल्याची ढास लागते. रात्रभर ह्यांची झोप मोडते." आणि काका तिकडं खांबाला गाल लावून फुगवटा बघत उभे होते. रखवालदार शिट्टी मारत होता.

लग्न ठरलं, मी खोली सोडली, वाकडला आले. निघताना पाया पडले. काकू डोळे पुसत होत्या. काका म्हणाले, "थीटा रिकामी ठेवणार नाही, सांगून ठेवतो. पण ज्या येतील त्यांना तुझ्याएवढी अक्कल नसणार." एवढं कौतुक त्यांनी बायकोचंही केलं नसेल.

मग ती साथ आली. पहिल्या लाटेत निघोजं वाचलं. दुसऱ्या लाटेत काकू गेल्या.

मला कळलं ते पंधरा दिवसांनी, जुन्या रूममेटींच्या ग्रुपवर. आम्ही सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. तेव्हा कुणी कुणाकडे जात नव्हतं, हे निमित्त खरं होतं. पण नंतर रस्ते मोकळे झाले, मॉल उघडले, मी मॉलमध्ये गेले, आणि निघोज्याला गेले नाही. हे मी आता लिहिते आहे तेव्हाही मला लाज वाटते.

त्या वर्षात काकांचे चार फोन आले. एकदा मी मीटिंगमध्ये होते. दुसऱ्यांदा मीटिंगमध्ये असल्याचं सांगितलं. तिसऱ्यांदा उचलला, तर म्हणाले, "थीटा, एक चित्र सापडलंय. फोनवर सांगता येत नाही. रविवारी येतेस का?" मी येते म्हटलं. गेले नाही. चौथ्यांदा फोन वाजत होता तेव्हा मी तो टेबलावर उलटा ठेवला आणि वाजायचा थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत बसले. पाचवा आला नाही, तेव्हा मात्र धास्ती बसली, आणि मी गेले.

काका वाळले होते. गच्चीत सतरंजी नव्हती, अंगणात नळ गळत होता. चौथ्या खोलीच्या दारावरचं डेल्टा खरवडून काढलेलं, नुसता निळा ओरखडा. मी त्याकडे बघितलं तसे म्हणाले, "बातम्यांत त्या रोगाला तेच नाव दिलं होतं ना. तिला नेलं त्यानं. नको झालं ते दारावर."

मग त्यांनी वही काढली. एका दगडाचा फोटो. ग्रीकांच्या थडग्यावरचा दगड. एक बाई खुर्चीवर बसली आहे, समोर पुरुष उभा आहे, आणि दोघांनी एकमेकांचा उजवा हात हातात घेतला आहे. बस, एवढंच. कुणी रडत नाही. बाई मेलेली आहे, काका म्हणाले, निरोप चाललाय. त्यांच्यात असे शेकडो दगड आहेत, नवरा-बायको, बाप-मुलगी, सगळे हात हातात घेऊन. वर मेलेल्याचं नाव.

"मी हॉस्पिटलच्या गेटच्या बाहेर होतो, थीटा. अकरा दिवस. गेटच्या आत कुणाला घेत नव्हते. शेवटी गाडी बाहेर आली, त्यात ती गुंडाळलेली होती, आणि ते म्हणाले लांब उभे राहा. मी राहिलो लांब उभा. सांगितलेलं ऐकायची सवय." बोलता बोलता पुस्तकी भाषा कधी सुटली त्यांनाही कळलं नसावं. "हात दिला न्हाई गं मी तिला. येवढी वर्सं संगं राहून, जाताना हात न्हाई दिला."

मी त्यांचा हात धरायला हवा होता. मी चहा ठेवायला उठले.

त्यांना तो दगड हवा होता. काकूंसाठी. चाकण-तळेगाव रस्त्याला पाटे-वरवंटे आणि देवांच्या मूर्ती घडवणारा एक पाथरवट बसतो, त्याच्याकडे मला घेऊन गेले. पाथरवटानं चित्र उलटंसुलटं करून बघितलं. "काका, ह्ये उलटं झालंय. बाई बसल्याली आन् मानूस हुबा? लोकं हसत्याल."

"मी तिला आयुष्यभर उभीच बघितली," काका म्हणाले. "चुलीपाशी उभी, नळापाशी उभी, मी जेवत असताना उभी. आता ती बसणार. मी उभा राहतो."

पहिला दगड काकांनी रिजेक्ट केला. चांगला होता हो! पण पाथरवटानं दोघांची तोंडं समोर केली होती, देवळातल्या जोडीसारखी. जन्मभर त्यानं मूर्ती घडवल्या त्या देवांच्याच, देव आपल्याकडे बघतात. काका म्हणाले, "आमच्याकडे नाही बघायचं. एकमेकांकडे बघू द्या." दीड महिन्यानं दुसरा झाला. काळाभोर, कमरेएवढा. काकूंच्या नाकात नथ, काकांच्या खिशाला पट्टी, आणि मधे दोन हात. वर नाव कोरलेलं, ग्रीक अक्षरांत. काकांनी फिलर गेज काढला, फट मोजायच्या पातळ पोलादी पट्ट्यांचा जुडगा असतो तो, आणि त्यातली सगळ्यात पातळ पट्टी दोन हातांच्या मधे घालून बघितली. जाईना. जाणार कशी, दगड एकच की! पण काकांनी तीन ठिकाणी घालून बघितली आणि मगच म्हणाले, "पास."

नाव वाचायला मी वाकले, तर सिग्मा आणि म्यूवर अडकले. विचारावं, तर काका दगड टेंपोत चढवण्यात गुंतले होते.

घराच्या आवारात तो काही बसला नाही. भावकी जमली. मेलेल्या माणसाचा दगड दारात? अपशकुन! भाडेकरू पळतील! काका "न्हाई म्हंजे न्हाई" करून भांडले, पण एकटा माणूस किती भांडणार. शेवटी शेताच्या बांधावर, रस्त्याच्या कडेला, लिंबाखाली उभा केला. तिथं कंपन्यांच्या बस थांबतात.

आता पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. बसची वाट बघणारी माणसं, समोर काळा दगड, त्यात नथ घातलेली बसलेली बाई. आठ दिवसांत पहिलं फूल. महिन्यात शेंदूर. मी पुन्हा गेले, एका दुपारी, तेव्हा दगड पायथ्यापासून माथ्यापर्यंत केशरी झाला होता. नाव बुजलेलं, चेहरे बुजलेले, फक्त दोन हातांचा उंचवटा तेवढा दिसत होता. काका शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले. मी मनात म्हटलं, झालं, आता काका पेटणार.

"काका, हे काय करून ठेवलं लोकांनी!"

"असू दे," ते म्हणाले. "रंगीतच असायचे ते."

तेवढ्यात दुसऱ्या शिफ्टची माणसं जमायला लागली. कॅन्टीनमध्ये कामाला जाणारी एक बाई आली, अंगावर कंपनीचा निळा कोट, बोलण्यावरून आमच्या मराठवाड्याकडची. पिशवीतून नारळ काढला. फोडायला दगड शोधता शोधता काकांना म्हणाली, "बाबा, तुम्ही रोज बसता हितं. कोन्ती देवी हाय ही? नाव तर म्हाईत पायजे, नवस बोलायचा म्हन्ल्यावर."

मी जीव मुठीत धरला. काकांना कुणी विचारायचा अवकाश, अथेन्सपासून सुरू झाले असते आणि बाईची बस गेली असती. इतकी वर्षं गच्चीवर सतरंजी अंथरून ज्याची वाट बघितली, तो प्रश्न विचारणारा माणूस समोर उभा होता. काकांनी तोंड उघडलं, मिटलं. मग दगडाकडे बघत म्हणाले, "सुमन."

त्यांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. मला वाटतं, मोठ्यानं त्यांनीही पहिल्यांदाच घेतलं असेल.

"सुमनाई!" बाईनं हात जोडले. "पोराला कामावर कायम कर गं माय." आणि नारळ उचलला.

काका एकदम खुर्चीतून उठले. "नारळ नको, बाई! खोबऱ्यानं तिला ढास लागते."

बाई थबकली. मला वाटलं, हसेल. पण तिनं नारळ गपकन पिशवीत टाकला, जीभ चावली. "मंग काय चालतं तिला?"

"गूळ-शेंगदाणे," काका म्हणाले. "फार आवडीनं खायची." आणि खाली बसून लहान पोरासारखे रडले. या वेळी मी त्यांचा हात धरला. बस आली, गेली, आणि ती बाई बसमध्ये चढलीच नाही. आम्ही तिघं बसलो होतो. तिचा त्या दिवसाचा खाडा झाला असणार.

मागच्या वर्षी काका गेले, झोपेत. मुलगा बंगळूरला असतो, त्यानं खोल्या विकल्या. मुंडकी, वह्या, ऑलिव्हची बाटली, सगळं भंगारवाल्यानं नेलं. रविवारी मी जाऊन आले. आता मी जाते, तेव्हा जायला हवं होतं. दारांवर नंबर आलेत, एक ते बारा. लिंबाखाली मात्र पत्र्याची शेड झाली आहे, घंटा टांगली आहे, आणि बसवाले त्या थांब्याला सुमनाईच म्हणतात.

एक नवं जोडपं आलेलं होतं. मुलीच्या हातात हिरवा चुडा, मुलाच्या हातात नारळ. फुलं विकायला बसलेली एक बाई लगबगीनं उठली. कॅन्टीनवाली ती नव्हे, दुसरीच कुणी, जिनं काकांना पाहिलंही नसेल.

"हितं नारळ न्हाई फोडत, दादा," ती म्हणाली. "आईला ढास लागती."

मुलानं निमूट नारळ खाली ठेवला आणि दहा रुपयांचे गूळ-शेंगदाणे घेतले.